पहिलं ‘नको’

२ फेब्रुवारी, सोमवार

काम मिळालं. कसं मिळालं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही, म्हणून इथेच लिहितो.

दवाखान्याच्या फळ्यावर जाहिरात लावली होती : ‘घरोघर जाऊन लोकांची मते टीपण्यासाठी चार तरूण हवेत.’ टिपण्यातला टि ऱ्हस्व, तरुणातला रुही ऱ्हस्व. खिशातली पेन्सिल काढून मी दोन्ही दुरुस्त केले. मागून एक बाई म्हणाल्या, “अजून काही राहिलंय का?” ती जाहिरात त्यांनीच लिहिली होती. या पाहणीच्या प्रमुख त्याच. माझे कान तापले. पळून जावं असं वाटत होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच. “बाकी ठीक आहे,” म्हणालो.

बाईंनी शिक्षण विचारलं. नववी, तीही अर्धी. मग पाच वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली; छापखाना दिवाळखोरीत गेला, त्याला पाच महिने झाले. अक्षर दाखव म्हणाल्या, दाखवलं. परवा दहाला ये म्हणाल्या.

घरी सांगितलं तेव्हा दादा म्हणाला, काना-मात्रेने पोट भरतं हे आजच कळलं. वहिनी म्हणाली, तुमचं पहाऱ्यावर डोळे वटारून भरतं, त्यांचं काना-मात्रेने भरू दे. बाबांनी फक्त विचारलं, कुठला दवाखाना. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

आज सगळं समजावून दिलं. विसरू नये म्हणून उतरवून ठेवतो.

ज्यांची मूत्रपिंडं थकली आहेत त्यांचं रक्त यंत्राने धुवावं लागतं. दवाखान्यात अशी पाच यंत्रं आहेत. एका माणसाला आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास बसावं लागतं. दिवसाला दोन पाळ्या, आठवड्याचे सहा दिवस. मी वहीत गुणाकार-भागाकार केला : वीस माणसं. गरज एकतीस जणांना आहे. उरलेले अकरा मोठ्या शहरात जातात, जायला अडीच तास आणि यायला अडीच.

विसांतली एखादी जागा रिकामी झाली तर अकरांतल्या कुणाला घ्यायचं, याचा नियमच नाही. आजवर ज्याचा आवाज मोठा त्याचं काम आधी. म्हणून दवाखान्याच्या समितीने लोकांनाच विचारायचं ठरवलं. सहाशे घरं, आम्ही चौघं, मला दीडशे. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं वेगळं कार्ड.

खरा प्रश्न चौथा. ‘यंत्रे कमी व रुग्ण अधिक असताना आधी कोणास घ्यावे? (अ) वयाने लहान असलेल्यास (आ) नाव आधी नोंदवलेल्यास (इ) ज्याच्यावर घर अवलंबून आहे त्यास (ई) सांगता येत नाही.’ ज्याचा जीव आता जातोय त्याला अर्थातच आधी, तिथे प्रश्न नाही, असं बाईंनी सांगितलं.

नियम तीन. छापलंय तसंच वाचायचं. एकदाच विचारायचं. उंबरठा ओलांडला की कार्ड बंद, मग त्यात काहीही बदलायचं नाही. स्वतःच्या घरी जायचं नाही; आमच्या घरी दुसरा जाईल. मला हे नियम फार आवडले. (चार झाले. बाईंनी तीनच म्हटलं होतं.)

५ फेब्रुवारी, गुरुवार

नऊ घरं झाली. पहिल्या दाराची कडी वाजवण्याआधी मी पायऱ्या मोजल्या, अकरा होत्या, मग खाली येऊन पुन्हा चढलो. दार उघडलं आणि मी एका दमात चारही प्रश्न वाचून टाकले. घरमालकीण म्हणाली, आधी आत तर या.

एका किराणा दुकानदाराने विचारलं, अजून यंत्रं घ्यायची, असं उत्तर कुठल्या चौकटीत बसतं? कुठल्याच नाही, म्हणालो. मग ही चौकट चुकलीय, म्हणाला. शेऱ्यात लिहिलं. दिवसभरात तसं सांगणारे चौघं निघाले.

एक गृहस्थ म्हणाले, दारुड्यांना सगळ्यात शेवटी. मागे त्यांची बायको कपडे घड्या करत होती, ती थांबली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. गृहस्थ म्हणाले, म्हणजे रोज पिणाऱ्यांना.

एका आजींनी सांगितलं, शेवटी डॉक्टरांच्या मेहुण्याला मिळणार, कशाला शाई घालवतोस. हेही शेऱ्यात लिहिलं. मेहुण्यातला हु ऱ्हस्व.

१० फेब्रुवारी, मंगळवार

पन्नास घरं झाली. आता पायऱ्या न मोजताच कडी वाजवतो. बाईंनी माझी कार्डं बाकीच्यांना दाखवली आणि म्हणाल्या, असं भरायचं. बाकीच्या तिघांना मी आवडेनासा झालो असणार.

आज पहिल्यांदाच अशा घरी गेलो की जिथे हा प्रश्न पुस्तकातला नाही. प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या एक ताई आहेत, वय एकोणतीस. त्या अकरा जणांत आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे सहाच्या गाडीने शहरात जातात आणि संध्याकाळी येतात. मुलगा सहा वर्षांचा. शेजारी त्यांची आई बसली होती.

प्रश्न वाचताना माझा आवाज खाली गेला. ताई हसल्या आणि म्हणाल्या, “वाच नीट, मी वर्गात असं वाचणाऱ्याला उभं करते.” वाचलं. त्यांनी लगेच सांगितलं, नाव आधी नोंदवलेल्यास. अकरांत त्यांचा नंबर दुसरा आहे. पहिला घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांचा, तेही त्याच गाडीने जातात. आई म्हणाली, “अगं, पण पोराचं—” ताईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. आई भिंतीकडे बघायला लागली. ताई मला म्हणाल्या, लिही.

(आ) वर खूण केली. शेऱ्यात लिहिलं : स्पष्ट उत्तर. असं माणूस क्वचित भेटतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज जे झालं ते नियमात बसत नाही.

घड्याळकाकांचं घर. वय त्र्याहत्तर. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. घरात मुलगा आणि सून होती. मी प्रश्न वाचला. काका लगेच म्हणाले, “तरुणांना आधी. आमचं काय, पिकलं पान.” सुनेने हातातलं भांडं जरा जोरात ठेवलं आणि म्हणाली, असं काय बोलता? मुलाने मान वळवली. काका माझ्याकडे बघून हसत होते. मी (अ) वर खूण केली, आभार मानले, निघालो.

कोपऱ्यापर्यंत आलो तर मागून हाका. काका चपला फरपटत येत होते. धाप लागली होती, बंद दुकानाच्या पायरीवर बसले. म्हणाले, ते उत्तर बदलता येईल का? मी सांगितलं, उंबरठा ओलांडला की येत नाही.

“मग नुसतं ऐक,” म्हणाले. “माझा नंबर पहिला आहे. जागा झाली तर मी घेणार. ती शाळेतली पोरगी गाडीत माझ्या शेजारी बसते. येताना तिला मळमळतं, म्हणून खिडकी मी तिला देतो. खिडकी देईन. जागा नाही देणार. म्हणताना लाज वाटते, पण नाही देणार.”

मी विचारलं, मग घरात तसं का नाही सांगितलंत?

“चारचौघांत माणूस असं म्हणतो का रे?”

मग उठले, धोतर झटकलं, आणि तिला कळू देऊ नकोस म्हणून परत गेले. मी कार्ड बदललं नाही. नियम बरोबर आहे. पण मला जेवण गेलं नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जेवताना वहिनीने बाबांना विचारलं, भात वाढू? बाबा म्हणाले, नको. तिने वाढला. बाबांनी सगळा खाल्ला.

मी इतकी वर्षं या घरात जेवतोय, पण आज माझा घास हातात राहिला. वहिनीला विचारलं, ते नको म्हणाले होते ना, मग का वाढलास? ती म्हणाली, “भावोजी, पहिलं नको तोंडाचं असतं. पोटाचं दुसरं असतं.” दादा म्हणाला, हिला माझं तिसरंही पटत नाही. बाबा ताटाकडे बघत होते.

आम्ही लोकांना एकदाच विचारतो. म्हणजे आम्ही पहिलं नको लिहून घेतो आणि भांडं उचलून निघून जातो.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सकाळपासून कार्डं घेऊन बसलो. पासष्टीच्या पुढच्या माणसाने घरच्यांसमोर ‘तरुणांना आधी’ म्हटलं असेल, तर कोपऱ्यात पेन्सिलीचा ठिपका. बारीक, टाचणीच्या टोकाएवढा. आधीच्या घरांत कोण कुठे बसलं होतं ते मला आठवतं. मला सगळंच आठवतं, तोच माझा त्रास आहे.

शाळेतल्या ताईंच्या कार्डापाशी थांबलो. त्यांची आई शेजारी होती. पण ताईंनी हसत सांगितलं होतं, तोंड चुकवून नाही. आणि त्या काही म्हाताऱ्या नाहीत. ठिपका दिला नाही.

यापुढे जाताना प्रत्येक घरात बघायचं, विचारताना खोलीत कोण आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दीडशे घरं पूर्ण. चौघांत माझीच आधी झाली. पासष्टीच्या पुढची माणसं अठ्ठावन्न. ‘तरुणांना आधी’ म्हणणारी सेहेचाळीस. त्यांत ठिपकेवाली त्रेचाळीस. ‘पिकलं पान’ किती जण म्हणाले ते मोजलं : एकोणीस. ‘आमचं काय राहिलंय’ : अकरा. एका आजोबांनी दोन्ही म्हटलं होतं.

बाबांनी आज विचारलं, तुमच्या कागदात पासष्टीच्या पुढचे सगळे एकाच रकान्यात का? मी सांगितलं, हो, हिशेबाला सोपं जातं. बरं म्हणाले. आमच्या घरी आम्हा चौघांतला दुसरा मुलगा जाऊन आला होता. बाबांनी काय सांगितलं ते मी नियमाप्रमाणे विचारलं नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

समितीचा अहवाल तयार झाला आणि शुद्धलेखन बघायला माझ्याकडेच आला. सात पानं. चौथ्या पानावर लिहिलंय : ‘दहांपैकी आठ ज्येष्ठ नागरिकांनी तरुणांना आधी घ्यावे असे सांगितले आहे. ज्येष्ठांनी स्वतःहून मार्ग मोकळा केला आहे.’ त्याखाली नियम : जागा वयानुसार, लहान आधी, पासष्टीच्या पुढचे सर्वांत शेवटी. शनिवारी मंजूर होणार.

म्हणजे पुढची जागा ताईंची, अकरांत त्याच सगळ्यांत लहान. घड्याळकाका पहिल्यावरून अकराव्यावर.

ते वाक्य मी सहा वेळा वाचलं. एकही चूक नव्हती. ‘स्वतःहून’ मधला विसर्गसुद्धा जागच्या जागी होता.

२५ फेब्रुवारी, बुधवार

बाईंना सांगितलं. सांगण्याआधी त्यांच्या दाराबाहेर खूप वेळ उभा होतो. शेवटी त्याच आतून म्हणाल्या, तो दरवाजा ढकलला की उघडतो.

कोपऱ्यावरचं सांगितलं, नाव न घेता. वहिनीचं सांगितलं. ठिपके दाखवले. बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, कार्डावर खुणा करायला कुणी सांगितलं होतं? मी म्हणालो, पेन्सिलीच्या आहेत, बाई. “पेन्सिलीने काढल्या म्हणून काय झालं, फोटोवर मिशा काढल्या तर माणसाला राग येत नाही का?” म्हणाल्या. पण कार्डं ओढून घेतली आणि एकेक बघायला लागल्या. 

मग म्हणाल्या, समितीला तू सांगायचं. मी म्हणालो, मी कसा? माझी नववी.

“नापास की सोडलीस?”

“सोडली.”

“मग झालं तर. मी सांगितलं तर बाई हट्टी म्हणतील. तू सांगितलंस तर निदान नवल वाटून ऐकतील.”

२८ फेब्रुवारी, शनिवार

सविस्तर लिहितो, कारण असा दिवस पुन्हा येईल असं वाटत नाही.

लांब टेबल, नऊ खुर्च्या, भिंतीवर बंद पडलेला पंखा. अध्यक्ष मधे, उजवीकडे यंत्रांच्या विभागाचे डॉक्टर. मी दोन पानं लिहून नेली होती, चार वेळा तपासलेली. पहिलं पान अर्धं वाचलं, मग कागद टेबलावर ठेवला आणि न वाचता बोललो. तेच बरं झालं.

म्हणालो, आम्ही उत्तरं बरोबर लिहिली आहेत, पण ती उत्तरं नाहीत. तो मोठेपणा आहे. घरच्यांसमोर, परक्या मुलासमोर, एकदाच विचारल्यावर म्हातारं माणूस दुसरं काय म्हणणार? त्रेचाळीस जणांना पुन्हा विचारू द्या. एकट्याला.

मधेच शिपाई चहा घेऊन आला. अध्यक्षांना विचारलं, ते नको म्हणाले, त्याने कप ठेवला, त्यांनी घेतला. मी काही दाखवून दिलं नाही. बाई मात्र खोकल्या.

मग डॉक्टर बोलले. ओरडले असते तर सोपं गेलं असतं, पण ते हळू बोलले. “माझ्याकडे एकोणतीस वर्षांची एक बाई आहे. तिचं पोर सहा वर्षांचं. तिने आठवड्यातून तीन दिवस पाच तास गाडीत काढायचे आणि त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाने इथे झोपायचं, असं तुझं म्हणणं आहे का?”

याचं उत्तर माझ्या दोन्ही पानांत नव्हतं.  मी पानं पालथी घातली आणि म्हणालो : 

“ते मला ठरवता येत नाही, डॉक्टर. तुम्हाला तरुणांना आधी घ्यायचं असेल तर घ्या. पण नियम तुमचा आहे, तुमच्या नावाने लिहा. खाली त्या म्हाताऱ्यांची सही दाखवू नका. त्यांनी फक्त पहिलं नको म्हटलंय.”

पंधरा दिवस मिळाले. चौघांच्याही भागातल्या पासष्टीपुढच्या सगळ्यांना पुन्हा विचारायचं, एकट्याला गाठून. अहवालातलं ते वाक्य तोवर काढायचं. अध्यक्षांनी माझ्याकडूनच खोडून घेतलं. मी रेघ पट्टीने मारली.

घरी येऊन सांगितलं. दादा म्हणाला, नऊ जणांसमोर? तू? आणि शेजाऱ्यांना सांगायला गेला.

४ मार्च, बुधवार

पुन्हा विचारणं हे वेगळंच काम आहे. एकटं माणूस गाठायचं म्हणजे कधी गच्चीवर, कधी नळाशी, कधी पेपर वाचायच्या बाकावर.

एक आजोबा म्हणाले, माझी चहाडी कुणी केली? एका आजींनी इकडेतिकडे बघून माझा हात धरला आणि म्हणाल्या, नंबराप्रमाणे लिही, मोठ्या अक्षरात लिहू नकोस.

दुसऱ्या एका आजींनी मला चांगलं फैलावर घेतलं. “तेव्हा सांगितलं तेच आता सांगते. लहानांना आधी. मी नव्वदीला आले, मला लोकलाजेची भीती कुठली? म्हातारं माणूस खरं बोलतच नाही असं धरून चालतोस की काय?” मी माफी मागितली. त्यांचा ठिपका खोडताना बरं वाटलं.

१२ मार्च, गुरुवार

घड्याळकाकांना शेवटी ठेवलं होतं. दुकानात एकटे होते. मी कार्ड काढलं तेव्हा त्यांनी डोळ्याचं भिंग काढलं नाही, पुढ्यातल्या घड्याळातच बघत राहिले. मी छापलंय तसं वाचलं. त्यांनी चिमटा खाली ठेवला.

म्हणाले, आज येताना गाडीत पोरगी झोपली होती, तिचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं, मी अडीच तास हललो नाही. मी म्हणालो, काका, आज गुरुवार आहे. मग काल असेल, म्हणाले.

मी थांबलो. पुन्हा वाचलं नाही, सुचवलं नाही.

“नाव आधी नोंदवलेल्यास,” म्हणाले. मग विचारलं, सही करायची का? लागत नाही म्हणालो. तरी कार्ड ओढून त्यांनी सही केली, पूर्ण नावाची.

१६ मार्च, सोमवार

माझे ठिपकेवाले त्रेचाळीस : चोवीस बदलले, एकोणीस नाही; उरलेले पंधरा तेच म्हणाले. बाकीच्या तिघांचेही साधारण तसेच. बाई म्हणाल्या, म्हणजे थोड्याथोडक्यांचं नाही, बऱ्याच जणांचं पहिलंच खरं होतं, हेही अहवालात तितक्याच ठळक लिहायचं. लिहिलं.

आता एकूण बेरजेत (आ) पुढे होता, म्हणून समितीने नियम केला : नाव आधी नोंदवलेल्यास, जीव धोक्यात असेल तर डॉक्टर ठरवतील. डॉक्टरांनी विरोधात मत दिलं आणि ते आपल्या नावाने नोंदवायला लावलं. जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाले, आपल्या नावाने लिहा म्हणाला होतास ना, लिहिलं. रागावले होते की नाही ते कळलं नाही.

मला आता दवाखान्यात कायमचं टेबल मिळालं आहे. कार्डं, याद्या, फळ्यावरच्या सूचना. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, तू सगळ्यांना दुसऱ्यांदा विचारलंस, चांगलं केलंस. मला विचारायला मात्र पुन्हा तो दुसरा मुलगाच आला. मी म्हणालो, हो, यायलाच हवा, तो नियमच आहे. वहिनी माझ्याकडे बघत होती. माझ्या शर्टाला काही लागलंय का ते मी आरशात बघितलं. काही नव्हतं.

२३ मार्च, सोमवार

सकाळी फळ्यावर लिहायला चिठ्ठी आली : ‘पहिल्या पाळीत एक जागा रिकामी.’ कशी झाली ते चिठ्ठीत नव्हतं. मी विचारायला गेलो नाही. फळ्यावर लिहून परत येताना यंत्रांच्या खोलीतून एक परिचारिका चादर काढून नेत होती, तेव्हा कळलं.

जागा घड्याळकाकांची. बुधवारपासून. निरोप घेऊन मीच गेलो. सून रडली. मुलगा म्हणाला, यांना गाडीवर आणायला जायच्या माझ्या रजा वाचल्या, आणि लगेच म्हणाला, तसं नाही म्हणायचं मला. काकांनी विचारलं, तिला कळवलं का? यादी फळ्यावर लागते, म्हणालो.

२५ मार्च, बुधवार

काकांचा इथला पहिला दिवस म्हणून मी लवकर निघालो. रस्ता गाडीतळावरून जातो. सहाला दहा कमी होते. शहराची गाडी उभी होती आणि खिडकीत ताई बसल्या होत्या. मी मान खाली घालून पुढे गेलो, चार पावलांनी परत आलो.

त्या म्हणाल्या, “ये, बस. काकांची जागा रिकामी आहे.”

गाडी सुटेपर्यंत बसलो. मी म्हणालो, ताई, नियम नंबराचा झाला, तुम्हीही तेच सांगितलं होतंत. त्यांनी मान हलवली. काका काल घरी येऊन गेले म्हणाल्या. मुलाला एक जुनं घड्याळ दिलं आणि गेले. काकांवर राग नाही म्हणाल्या. आवाजात खरंच नव्हता.

मग म्हणाल्या, “त्यांना तू दोनदा विचारलंस. मला एकदाच.”

मी म्हणालो, तुमचं उत्तर स्पष्ट होतं.

“त्यांचंही स्पष्टच होतं की.” त्यांनी खिडकीची काच बंद केली. “आई शेजारी होती. मी रडले असते तर ती कोसळली असती. परक्या मुलासमोर, पोराचं कारण काढून, एका म्हाताऱ्याच्या आधी मला घ्या, असं मी म्हणणार होते का? मी शाळेत पोरांना रांगेत उभं राहायला शिकवते.”

मी विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं असतं तर काय सांगितलं असतंत? त्या म्हणाल्या, “ते आता इथे नाही. चालकाने चावी फिरवलीय. नीट येऊन विचार.”

मी उतरलो. गाडी गेली. दवाखान्यात काका पहिल्या खाटेवर होते, हाताला नळ्या, डोळे मिटलेले. मी त्यांना उठवलं नाही.

माझ्या त्रेचाळीस ठिपक्यांत तरुण एकही नव्हता. मोठेपणा फक्त म्हातारे करतात, असं मी धरून चाललो होतो. कुणी शिकवलं नव्हतं, आपोआपच धरलं. दिवसभर शरम वाटली, मग शरमेचाही कंटाळा आला आणि मी हिशेब करायला बसलो.

२६ मार्च, गुरुवार

आठ वाजता बाईंच्या खोलीत गेलो. दार ढकलून आत गेलो. म्हणालो, सगळ्यांना पुन्हा विचारायचं आहे, वय न बघता, एकेकट्याला. बाई म्हणाल्या, सहाशे घरं? मी म्हणालो, सहाशे. चौघांना सत्तावीस दिवस लागतील, कामावर जाणाऱ्यांसाठी रविवार धरले आहेत. आणि आलेल्या उत्तरांनी नियम बदलायची वेळ आली तर समितीने तो बदलावा, किंवा आपल्या नावाने तसाच ठेवावा. काकांची जागा मात्र दिली ती दिली, ती काढायची नाही, हे मी आधीच सांगतो.

बाईंनी विचारलं, हे तू मला विचारतोयस की सांगतोयस?

सांगतोय, म्हणालो.

त्यांनी कोऱ्या कार्डांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. मी वरचं एक कार्ड काढून बाकीची परत ठेवली. ताईंची शाळा दुपारची, आज सकाळी त्या घरी असतात. त्यांची आई साडेनऊला नातवाला शाळेत सोडायला जाते. मी पावणेदहाला कडी वाजवणार आहे.